कॉलरमागचं शून्य

सोमवार, ३ तारीख

पाच वेळा! एकाच सकाळी पाच वेळा तो माणूस माझ्या दुकानात आला आणि पाचही वेळा एकच प्रश्न, "माझा शर्ट झाला का?" अहो, अंगात आहे तुमच्या! तोच शर्ट घालून तोच शर्ट मागायला येतो. पहिल्यांदा मी नीट सांगितलं. दुसऱ्यांदा बाही धरून दाखवली. तिसऱ्यांदा "उद्या या" म्हणाले, तर दहा मिनिटांत त्याचा उद्या उजाडला. चौथ्यांदा मी बोललेच नाही. पाचव्यांदा त्याने हेडमास्तरांच्या गठ्ठ्यातला वरचा पांढरा शर्ट उचलला, घडी मोडली आणि अंगातल्या शर्टावर चढवला. हेडमास्तर समोर उभे. वर मलाच म्हणतो, "बाई, कांजी जास्त झाली."

तो म्हणजे समोरच्या इमारतीतला पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. गल्लीतली एकूणएक पाटी त्याच्या हातची, माझ्या लाँड्रीचीसुद्धा. दोन वर्षं झाली, डोकं रिकामं होत चाललंय. मुलगा बोटीवर, वर्षातून एकदा येणार. घरी सून, ती दिवसभर नोकरीवर. मग हा गल्लीभर, आणि गल्लीत सगळ्यात जास्त माझ्या डोक्यावर.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बीपी चढतंय, राग माणसांवर काढू नका, वहीत काढा. म्हणून ही वही. हे विचारतात, "शंभर पानं पुरतील का?" आमच्या घरात विनोद फक्त यांना सुचतात.

शाळा माझी दुसरीपर्यंत. पण अक्षर बघून कोणी म्हणणार नाही. गोल येतं. शाळेतच वळण लागलं असणार.

आमच्याकडे कपड्यावर नाव-नंबर घालत नाहीत. प्रत्येक घराची खूण ठरलेली, कॉलरच्या आत, न जाणाऱ्या काळ्या शाईने. हेडमास्तरांची छत्री, समोरच्या इमारतीच्या सेक्रेटरींची शिडी, शेजारच्या शिंप्याची कात्री. ही पद्धत माझी स्वतःची, वीस वर्षांत एक रुमाल इकडचा तिकडे गेला नाही, असं मी हेडमास्तरांना सांगत होते तर हे मागे खोकले. वाफेने खोकला होतो यांना.

पेंटरची खूण ब्रश. एक काडी आणि तीन केस. आज त्याच्या सुनेचे तीन नवे शर्ट आले होते खूण घालायला. पण डोकं इतकं तापलं होतं की मी ब्रश काढलाच नाही. एक मोठं शून्य काढलं. तिन्ही कॉलरींवर. म्हटलं, डोक्यात आहे तेच कॉलरवर. शिंपी बघत होता. इतका हसला की गळ्यातली टेप खाली पडली.

हे म्हणाले, "ब्रश होता ना त्यांचा?"

"कसला ब्रश आता?"

"तुला काही आठवत नाही का गं?"

"आठवत नाही ते त्याला. मला काय झालंय?"

मग इस्त्री उचलून कामाला लागले. लिहून खरंच हलकं वाटलं. डॉक्टरीणबाई हुशार आहेत.

गुरुवार, ६ तारीख

शून्य गल्लीभर झालं. शिंप्याच्या तोंडात काही राहत नाही. आज पेंटर कोपऱ्यावर दिसला की शिंपी ओरडला, "वहिनी, तुमचं शून्य आलं!" दुकानातली सगळी हसली. तोसुद्धा हसला. मान मागे टाकून, पुढच्या दातांची फट दाखवत. कशाला हसतात ते न कळताच हसला. चला, निदान मनाला लावून घेत नाही, तेवढं बरं आहे.

सेक्रेटरी दुपारी कागद घेऊन आले. इमारतीच्या कमिटीने ठरवलंय, पेंटरला एकट्याने फाटकाबाहेर सोडायचं नाही आणि घरच्यांनी महिनाअखेरपर्यंत त्याची कायमची सोय दुसरीकडे करायची. कुलूप असतं अशा ठिकाणी. त्यावर गल्लीतल्या दुकानदारांच्या सह्या हव्यात. म्हणाले, "पहिली सही तुमची. सगळ्यात जास्त त्रास तुम्हाला." मला कोणी पहिली सही कधी मागितली नव्हती. मी कागद पूर्ण वाचला, म्हणजे अडाणी वाटायला नको. मग केली. छान आली.

माझ्यानंतर दहा झाल्या.

शनिवार, ८ तारीख

कालपासून शांत आहे. फाटक बंद, वॉचमन खुर्ची लावून बसलेला. तीस कपडे जास्त झाले.

तो फाटकाच्या आत उभा असतो. दोन्ही हातांनी गज धरून. मधेच एक हात बाहेर काढून बोटाने हवेत काहीतरी गिरवतो. माझं टेबल नेमकं फाटकासमोर. मी टेबल फिरवून घेतलं. आता तोंड भिंतीकडे येतं. भिंतीकडे उजेड कमी आहे, एक शर्ट पिवळा पडला.

बुधवार, १२ तारीख

दवाखान्यातून सिस्टर आली होती. तरुण आहे, पण बोलते अशी की मी तिची धाकटी बहीण. म्हणे आजाराचं नाव स्मृतिभ्रंश, वेड म्हणायचं नाही. म्हणे अशा माणसाला कोंडलं की तो लवकर खचतो. रोजच्या रस्त्याने चालू द्यायचं, रोजची तोंडं दिसू द्यायची. दुकानांनी एक खुर्ची ठेवायची, घाई करायची नाही, चूक काढत बसायची नाही. "सांभाळणं एका सुनेचं काम नाही ताई, गल्लीचं आहे."

मी म्हटलं, "गल्ली काय त्याची आई आहे?"

ती म्हणाली, "त्यांच्या हातची पाटी तुमच्या डोक्यावर आहे, ताई."

ती पाटीकडे बोट दाखवत होती, म्हणून तसं म्हणाली. पण मला लागलं. का लागलं कळत नाही. रविवारी यावरच सभा आहे, या म्हणाली. मी नाही जाणार.

शनिवार, १५ तारीख

पेंटर हरवला. सकाळी वॉचमन नळावर गेला तेवढ्यात फाटकातून बाहेर. सून कामावरून धावत आली, एका पायात चप्पल घरातली, एका पायात बाहेरची. सगळ्या दुकानांत विचारत फिरली. माझ्याकडे आली तेव्हा मी म्हटलं, "मी पाठमोरी होते गं, दिसले नाहीत." खरंच दिसले नव्हते. टेबल मीच फिरवलं होतं.

चार तास. दुपारी बसडेपोतला एक कंट्रोलर त्यांना हाताला धरून माझ्या दुकानात आला. ते शेवटच्या स्टॉपवर बसून राहिले होते. नाव सांगेनात, पत्ता सांगेनात. कंट्रोलरने कॉलर उलटून पाहिली तर लाँड्रीची खूण. चांगला माणूस. ड्यूटी सोडून वाटेतल्या लाँड्र्या विचारत आला. "तिसऱ्या लाँड्रीवाल्याने बरोबर ओळखलं," म्हणाला. "तो हसायला लागला. म्हणे, शून्य ना? तो खुळा पेंटर. त्या गल्लीतल्या बाईने मुद्दाम घातलंय, सगळ्यांना ठाऊक आहे. तुमची खूण कामाला आली बघा, बाई!"

त्याला टोमणा मारायचा नव्हता. तो खरंच शाबासकी देत होता. यांनी इस्त्री उभी केली आणि मागे निघून गेले.

म्हणजे माझी कुचेष्टा तिसऱ्या लाँड्रीपर्यंत पोचली होती, म्हणून माणूस घरी पोचला. हे लिहून हलकं वाटत नाही.

रविवार, १६ तारीख

गेले सभेला. न जाऊन चालणार होतं का. शाळेचा एक वर्ग उघडला होता, लहान पोरांच्या बाकांवर आम्ही सगळे गुडघे पोटाशी घेऊन. सिस्टरने पहिल्यांदा मलाच उभं केलं. "काल पेंटरकाका सुखरूप आले ते या ताईंच्या खुणेमुळे. सांभाळणं म्हणजे हेच!" टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. शिंपी सगळ्यात जोरात.

मग तिने सहज विचारलं, "पण ताई, शून्यच का?"

शिंपी खाली बघून हसू दाबत होता, त्याचे खांदे हलत होते. सून पहिल्या बाकावर. माझ्याकडे बघत.

मी म्हणाले, "त्यांचं घर आमचं पहिलं गिऱ्हाईक. एकाच्या आधी शून्य येतं, म्हणून."

कुठून आलं तोंडात कोण जाणे. इतकं गुळगुळीत खोटं मी आजवर बोलले नव्हते. सूनबाई उठून आली आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. हात गार होते तिचे. मी सोडवून घेतला. म्हटलं, कपडे पडलेत.

घरी येताना हे एकच वाक्य बोलले. "पहिलं गिऱ्हाईक होते ते, हे मात्र खरं आहे."

मंगळवार, १८ तारीख

आज सून गाठोडं घेऊन आली. सासऱ्यांचा एकूणएक कपडा. शर्ट, पँटी, बनियनी, रुमाल, टॉवेल, दोन टोप्या. म्हणाली, "सगळ्यावर शून्य घाला ताई. कुठलाही घालून गेले तरी परत येतील." आणि त्यांना माझ्याकडे बसवून गेली. आज सुट्टी मिळाली नाही म्हणाली, वॉचमनशी भांडून बाहेर आणलं, तासभर बघाल ना? नाही कसं म्हणणार. सभेत टाळ्या घेतल्या होत्या.

सव्वीस कपडे. मी शाईची बाटली उघडली. पहिल्या बनियनीवर शून्य काढलं. दुसऱ्यावर काढलं. तिसऱ्याला मान वर केली. ज्या माणसावर हसून घातलं तो समोर स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसलेला, आणि मी त्याच्या टोपीवरसुद्धा तेच घालणार होते. अकराव्या कपड्याला मी थांबले.

ते वाकून बघत होते. म्हणाले, "अजून चपटं येतंय तुझं."

"काय?"

"शून्य. डावीकडे चपटं. अजून." आणि माझ्या हातातली लेखणी काढून घेतली. मी काढून दिली. रुमालावरच्या शून्याला उजवीकडे एक उभी रेघ दिली, वर आडवी. "झाला व." दुसऱ्याच्या पोटात तिरकी रेघ. "हा ब." तिसऱ्याला उजवीकडे आकडा काढला. "क." एकाच्या डोक्यावर छोटा दांडा. "ठ. ठसा ठेवून काढायचा." बनियनीवर माझ्या शून्याला चिकटून दुसरं शून्य. त्यांचं असं गोल की बाटलीचं तोंड ठेवून काढल्यासारखं. "ळ. आधी शून्य गोल आलं पाहिजे. ते आलं की अर्धी बाराखडी आपली."

हात जराही हलत नव्हता. ज्याला अंगातला शर्ट कळत नाही, त्याचा.

मग मान वर करून विचारलं, "बाई, माझा शर्ट झाला का?"

मी म्हटलं, "होतोय काका. बसा."

बुधवार, १९ तारीख

काल पुढचं लिहिलं नाही. आज लिहिते.

"अजून" म्हणाले. अजून म्हणजे आधी बघितलेलं असतं.

शाळेत मी शिकलेच नव्हते काही. दुसरीतून काढलं तेव्हा मला माझं नाव काढता येत होतं, तेही चित्र काढावं तसं. दुकान टाकलं तेव्हा काका पाटी रंगवायला आले. विचारलं, "अक्षरं बघून घे, बरोबर आहेत ना?" मी म्हटलं, "बरोबर आहेत." पाटी उलटी होती. मुद्दाम नव्हती, सुकायला उलटी ठेवली होती.

ते हसले नाहीत. पाटी सुलट केली, तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून दुपारी काम आटोपलं की यायचे, उरलेला रंग आणि रद्दी घेऊन. मी लाजेने आतून कडी लावायचे, ते बाहेरच्या पायरीवर बसून रद्दीवर शून्यं काढायचे आणि कागद फटीतून आत सरकवायचे. आठवडाभर. मग मी कडी काढली. सहा महिने नुसती शून्यं, मग काना, मग पोटातली रेघ. लाल रंगाने. आणि गिऱ्हाइकाला कळू नये की हिला नावं वाचता येत नाहीत, म्हणून तेच म्हणाले होते, "खुणा घाल. लोकांना वाटेल, ही दुकानाची पद्धत आहे."

पद्धत त्यांची. ब्रश ही पहिली खूण. त्यांनी स्वतःच काढून दिलेली.

मी यांना विचारलं, "तुम्ही बोलला का नाहीत?"

"खोकलो की," म्हणाले.

मी विसरले नव्हते. हे खरं लिहायला दोन दिवस लागले. विसरायचं मी ठरवलं होतं, कारण ते आठवलं की ती उलटी पाटी आठवते. त्यांना विसरण्याचा आजार आहे. मला काय आहे? माझी लाज झाकायला ज्यांनी खूण दिली, त्यांच्याच मानेवर मी खुणेने लाज काढली. आणि त्यांनी काल ती बघितली तर त्यांना तिथे अपमान दिसला नाही. धडा दिसला.

शुक्रवार, २१ तारीख

सुनेला खरं सांगितलं. ती कामावरून आली तेव्हा गाठोडं घेऊन वर गेले. दारातच म्हटलं, "अगं, शून्य मी चेष्टेने घातलं होतं. सभेत खोटं बोलले."

"माहीत आहे," म्हणाली. "शिंपीभाऊंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग हात कशाला धरलास माझा? सव्वीस कपडे कशाला आणलेस?"

"त्या शून्याने बाबा घरी आले. मला अपमान करून घ्यायला वेळ नाही, ताई." चप्पल काढत म्हणाली, माझ्याकडे न बघता. "आणि तुम्ही सव्वीस वेळा काढता का, ते बघायचं होतं."

मी म्हटलं, दहा वेळा काढलं. तिने मान हलवली. कशाला मान हलवली कळलं नाही.

मी हात जोडले तर म्हणाली, "माफीचं मी काय करू? एकतीस तारखेला त्यांना कुलपाच्या घरी न्यायचंय. मी पाहून आले ते. खिडक्या वर आहेत, हात पोचत नाही तितक्या. त्या कागदावर पहिलं नाव तुमचं आहे. ते तेवढं खोडता आलं तर बघा."

आत काका भिंतीवर बोटाने काहीतरी गिरवत होते. मी थांबले नाही बघायला.

शनिवार, २२ तारीख

सेक्रेटरी सही परत देत नाहीत. "सही म्हणजे काय कपडा आहे का, टाकला आणि परत नेला?" म्हणाले. मी म्हटलं, कपडा तरी परत देताना मी चुरगळून देत नाही. पण त्यात काही अर्थ नव्हता. बोलून झाल्यावर मीच ओशाळले.

मग 'आमच्या सह्या मागे घेतो' असा नवा कागद करून त्या दहा जणांकडे गेले. शिंप्याने टेप गळ्यात घालत विचारलं, "वहिनी, तुम्ही पहिली केलीत म्हणून आम्ही केली. आता तुमचंच शून्य तुम्हाला गोड लागायला लागलं?" शेजारी मशीनवर तीन बायका. मी म्हटलं, "हो. चूक माझी." एवढंच. शिंपी हसायच्या तयारीत होता, त्याला हसायला काही मिळालं नाही. सही मात्र केली नाही त्याने.

हेडमास्तरांनी केली. म्हणाले, "तो शर्ट त्या दिवशी त्यांना माझ्यापेक्षा बरा दिसत होता." मला धरून पाच सह्या झाल्या. अकरातल्या पाच.

एक घोळ आहे. काकांनी दहा कपड्यांवर शून्याची वेगवेगळी अक्षरं केली. शाई जात नाही. आता खूण एक राहिली नाही. परत हरवले तर कोण ओळखणार? हे म्हणाले, "मग सगळ्यांना ती सगळी अक्षरं शिकव."

आणि यांनी विनोद केला नव्हता.

मंगळवार, २५ तारीख

टेबल परत फाटकाकडे तोंड करून लावलं. कमिटीला दिलेल्या कागदाची नक्कल इथे उतरवून ठेवते. तीन वेळा लिहावा लागला. डावीकडे चपटं येत होतं.

"कमिटीस,

पेंटरकाकांना कोंडून ठेवा या कागदावर पहिली सही माझी आहे. मला फसवून घेतली असं मी म्हणणार नाही. मी पूर्ण वाचून केली. वाचायला मला पेंटरकाकांनीच शिकवलं, आणि ही गोष्ट मी वीस वर्षं लपवली.

त्यांच्या कॉलरीवर शून्य मी घातलं, ते त्यांना हसायला. तुमच्यापैकी जे हसले ते माझ्यामुळे हसले. ते मी आता मागे घेऊ शकत नाही, कारण शाई जात नाही. म्हणून त्या शाईचं काय करायचं ते सांगते.

कॉलरीत किंवा कपड्यावर कुठेही शून्य, ठ, व, ब, क किंवा ळ दिसलं की माणूस आमच्या गल्लीतला. ही अक्षरं मी मोठी काढून वॉचमनला, पाच दुकानांना, बसडेपोत आणि त्या तिसऱ्या लाँड्रीत स्वतः दिली आहेत. तिसऱ्या लाँड्रीत जायला सगळ्यात जड गेलं. माझ्या दुकानाबाहेर खुर्ची ठेवली आहे. सकाळी सून निघाली की ते तिथे बसतील, ती येईपर्यंत. उठून चालायला लागले तर आमच्या घरातलं एक जण मागे चालेल. ते दिवसात कितीही वेळा शर्ट मागतील. त्याचं उत्तर देणं माझ्याकडे.

पाच सह्या सोबत आहेत. सहा नाहीत, त्या का नाहीत ते मला माहीत आहे. ते लोक माझ्याच मागून गेले होते.

एकतीस तारखेला त्यांना न्यायचं ठरलंय. तेव्हा फाटक उघडं राहणार की नाही आणि तो पहिला कागद रद्द होणार की नाही, याचं उत्तर मला शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला, संध्याकाळी सहाच्या आत हवं आहे. सेक्रेटरी साहेब, तुमचा कोट इस्त्री होऊन तयार आहे, तो मी अडवलेला नाही, केव्हाही न्या. पण उत्तर तोंडी नको. लेखी द्या.

मला वाचता येतं."